न उचललेले अकरा फोन

दुरुस्तीला आलेला मोबाईल मी आधी चालू करत नाही. बंद असतानाच उजेडात तिरका धरते. काचेच्या खालच्या भागात, उजव्या बाजूला, एक पुसट चंद्रकोर दिसते. अंगठा दिवसभर तिथूनच वर सरकतो, त्यामुळे काचेवरचा गुळगुळीत थर तेवढ्याच भागात झिजतो. डावखुऱ्या माणसाची कोर डावीकडे असते. कोर जितकी ठळक, तितका त्या माणसाचा मुक्काम मोबाईलमध्ये जास्त. हे मला कोणी शिकवलं नाही. ज्योतिषाला जसा हात कळतो तशी मला काच कळते. फरक इतकाच की माझं चुकत नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडला, एका कॉलेजच्या वळणावर, माझा मोबाईल दुरुस्तीचा छोटा गाळा आहे. त्याआधी मी अंबडच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डवर सोल्डरिंग करायचे. आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच होत्या. मोहरीएवढा सुटा भाग चिमट्याने उचलायचा, जागेवर ठेवायचा आणि हात न हलू देता डाख द्यायचा, हे पुरुषांना जमत नाही असं आमचे सुपरवायझर म्हणायचे, आणि ते स्वतः पुरुष होते. कारखाना बंद पडला तेव्हा घरच्यांनी पोळी-भाजी केंद्र सुचवलं. मी म्हटलं, हा हात पोळपाटावर वाया घालवायचा नाही. मोबाईल दुरुस्तीचा तीन महिन्यांचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच बाई होते आणि सगळ्यात आधी बोर्ड उघडून जिवंत करून दाखवणारीही मीच.

सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, माझ्या खांद्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, "भाऊ नाहीत का?"

"भाऊ घरी भाजी निवडताहेत. काय झालंय मोबाईलला?"

मग एकदा मुलींना कळलं की इथे बाई बसते, आणि गाळ्यापुढे रांग लागली. कारण साधं आहे. मोबाईल दुरुस्तीला देणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाला देणं. फोटो, निरोप, भांडणं, सगळं आत असतं. मी पासवर्ड विचारत नाही. टच चालतो की नाही हे गिऱ्हाइकासमोर, त्याच्याच हातून तपासून घेते. आजवर कुणाचा एक फोटो बघितलेला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगू शकते.

धंद्याचं म्हणाल तर निम्मे आजार तीनच: काच फुटणं, बॅटरी फुगणं आणि चार्जिंगच्या भोकात खिशातला कचरा बसणं. पाण्यात पडलेला मोबाईल लोक तांदळात पुरून आणतात. तांदळाने काहीही होत नाही. उलट भोकात कणी अडकते आणि ती काढायचे कष्ट मला पडतात.

काच बदलायला तासभर लागतो. म्हणून गाळ्याबाहेर मी एक बाकडं ठेवलंय. त्या बाकड्यावर मी जे पाहिलंय ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नसतील. मोबाईल माझ्या हातात दिलेला असतो, तरी मुलांचा हात दर दोन मिनिटांनी खिशाकडे जातो. खिसा रिकामा लागला की चेहरा असा होतो, जणू जिना संपला हे पायाला कळलंच नाही. पंधरा-वीस मिनिटं ही तगमग चालते. मग ती रस्त्याकडे बघायला लागतात. अर्ध्या तासाने शेजारच्याला विचारतात, "तू कुठल्या इयरला?" तास संपेपर्यंत बाकड्यावर हसणं-खिदळणं चालू असतं. मी दुरुस्त मोबाईल हातात देते, आणि बाकडं पुन्हा गप्प होतं. मोबाईल नीट करून परत देताना कधीकधी मलाच अपराधी वाटायचं.

या धंद्यात मी एक नियम पाळत होते. दुकानात आलेला मोबाईल वाजला तरी उचलायचा नाही. पहिल्याच वर्षी एकदा उचलला होता. एका मुलीचे वडील होते. मी सांगितलं, "मोबाईल दुकानात आहे, काच फुटलीय." मुलीने ती गोष्ट घरी लपवली होती. ती दुसऱ्या दिवशी आली ती रडतच. त्यानंतर मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: 'तुमचा मोबाईल वाजला तरी आम्ही उचलत नाही.' त्या पाटीचा मला अभिमान होता.

जयश्री आली ती एका जुलै महिन्यात. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, जवळच्या वसतिगृहात राहणारी. त्यांच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. मोबाईल काउंटरवर ठेवला आणि गिऱ्हाईक कमी होईपर्यंत थांबून राहिली.

"काय बिघडलंय?"

"काही नाही, मावशी. बिघडवता येईल का?"

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"मागच्या सेमिस्टरला दोन विषय गेले. अभ्यासाला बसते, नुसतं एकदा बघू म्हणून हातात घेते, मग जेवायची वेळ होते. रूममधल्या मुली फिरायला जातात, कपडे घेतात, फोटो टाकतात. ते बघून मला वाईट वाटतं. वाईट वाटलं की मी अजून बघते." पुढे म्हणाली, "याच्याशिवाय करमत नाही आणि याच्यासोबत बरं वाटत नाही. तुम्ही असं काहीतरी करा की तो चालणारच नाही. माझ्याच्याने बंद होत नाही."

मी मोबाईल तिरका धरला. कोर अशी ठळक होती की बोटाला जाणवावी.

चांगला मोबाईल बिघडवणं माझ्या हाताला शक्य नाही. मी तिला काउंटरखालचा खण दाखवला. "सकाळी कॉलेजला जाताना इथे ठेव. पाचला येऊन घेऊन जा. कुलूप माझं."

"आणि घरून फोन आला तर?"

"रोज येतो का?"

"नाही. पाड्यावर रेंज नाही. बाबा रविवारी टेकडीवर चढून करतात. बाकी दिवशी कोणीच करत नाही."

मग प्रश्नच मिटला. मोबाईल बंद करून खणात ठेवायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी ती दुपारी दोनदा येऊन गेली. एकदा म्हणाली, हॉल तिकीट बघायचंय. हॉल तिकीट निघायला अजून दोन महिने होते. मी नुसतं बघितलं, ती हसून परत गेली. आठवड्याभरात ती पाचच्या आधी यायची थांबली. तिने मैत्रिणींना सांगितलं आणि महिन्याभरात खणात आठ-दहा मोबाईल जमायला लागले. काही मुली दोन दिवसांत पळाल्या. एक तर अर्ध्या तासात परत आली, म्हणाली, "मावशी, चहाचे पैसे द्यायलाही तोच लागतो." तिचंही खरंच होतं. पण ज्या टिकल्या त्या टिकल्या. मला वाटायचं, कारखान्यात आणि इथे मिळून जेवढं काम केलं त्यात हा खण सगळ्यात भारी.

तो मंगळवार होता. जयश्रीचं प्रॅक्टिकल सकाळीच होतं. ती धावत आली, मोबाईल टाकला आणि पळाली. बंद करायला विसरली. मीही बघितलं नाही.

साडेबाराच्या सुमाराला खण वाजायला लागला. माझ्यासमोर एका मोबाईलचा बोर्ड उघडा होता आणि गरम हवेचं मशीन चालू होतं. मी दुर्लक्ष केलं. पाच मिनिटांनी पुन्हा. खण उघडून बघितलं, जयश्रीचा मोबाईल. पडद्यावर 'बाबा'. मी हात पुढे केला आणि पाटीकडे बघून मागे घेतला. वाजून वाजून तो थांबला.

एकला परत. सव्वा एकला परत.

इथे मी खोटं लिहिणार नाही. 'बाकी दिवशी कोणीच करत नाही' हे मला आठवलं होतं. आज मंगळवार आहे हेही माहीत होतं. कॉलेज चालत सात मिनिटांवर. गाळ्याचं शटर अर्ध्यावर ओढून मी जाऊ शकत होते. पण मी स्वतःला समजावलं की बाप लेकीला सहज फोन करू शकतो, तालुक्याच्या बाजाराला आला असेल, तिथे रेंज मिळाली असेल. नियम मोडला की धंदा मोडतो, असंही समजावलं. शेवटी इतकं वाजायला लागलं की मी आवाज कमी केला. उचलला मात्र नाही.

पाचला जयश्री आली. खणातून मोबाईल घेतला आणि उभ्याउभ्या पडदा बघितला. अकरा मिस्ड कॉल. तिने लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आई? कुठं? नाशकात?"

भाताची लावणी चालू होती. वाफ्यात तिच्या आईला घोणस चावली होती. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं देऊन तिला पुढे नाशिकला पाठवलं होतं. बाप सोबत आला होता. आयुष्यात दुसऱ्यांदा नाशिक बघत होता. दुपारपासून तो इथेच होता, आमच्यापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर, आणि या एवढ्या शहरात त्याच्या ओळखीचं एकच माणूस होतं.

मी शटर ओढलं आणि तिला मागे बसवलं. रस्ताभर माझ्या खांद्यावर तिचे हात होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचे वडील भिंतीला टेकून खाली बसले होते. किडकिडीत माणूस, पँट गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाने माखलेली, हातात बटनांचा मोबाईल घट्ट धरलेला. लेक दिसल्यावर ते उठले. रागावले नाहीत. तिच्या डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला.

"तुझी आई आत हाय. शुद्धीत हाय," ते म्हणाले. "तू उचलंच ना. मला वाटलं, तुला पन काही झालं."

चार-साडेचार तास त्या माणसाची बायको आत होती आणि मुलगी हरवलेली होती. बायकोला सोडून मुलीला शोधायला जाता येत नव्हतं. हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

मी म्हटलं, "दादा, मोबाईल माझ्याकडे होता. दुकानात. तो वाजताना मी ऐकत होते. उचलला नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का वं, बाई?"

"नियम आहे आमचा."

गाळ्यात बसून हा शब्द कितीतरी वेळा ऐटीत उच्चारला होता. तिथे तो तोंडातून बाहेर पडला आणि मला कुठे बघावं कळेना. ते मात्र नुसती मान हलवून म्हणाले, "आसंल." मग खिशातून घड्या पडलेला कागद काढला. "हे कुठं द्यायचं ते विचारता का? दुपारपून कोनाला कळंना मी काय म्हनतो ते."

कागद तपासणीचा होता. मी तो घेऊन गेले, खिडकी शोधली, रांगेत उभी राहिले, रिपोर्ट आणला. त्या संध्याकाळी मी चार-पाच फेऱ्या मारल्या. पाय दुखावेत असंच मला वाटत होतं.

जयश्रीची आई वाचली. पायाची जखम भरायला फार दिवस गेले, पण ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्या आठवड्यात मी रोज डबा घेऊन जायचे. एकदा व्हरांड्यात जयश्री एकटी बसलेली दिसली, मान खाली, अंगठा वर-खाली चाललेला. मला बघून तिने मोबाईल पालथा ठेवला आणि रडायला लागली.

"आई आत आहे आणि मी रील बघतेय, मावशी. मला काय झालंय?"

उपदेश करायचा माझा हक्क त्या मंगळवारीच गेला होता. मी डबा उघडला, तिच्या हातात पोळी दिली आणि शेजारी बसले. खाऊन झाल्यावर तिने विचारलं, "खण चालू आहे ना?"

"बंद केला. ज्यांचे मोबाईल होते त्यांना परत दिले. पुन्हा हे नको."

"मग मी काय करू?"

याचं उत्तर तिनेच शोधलं. आई घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी ती गाळ्यावर आली आणि म्हणाली, "बाबांकडे आहे तसला मोबाईल मिळेल? माझं सिम त्यात घालते. तो माझ्याकडे राहील, मोठा तुमच्याकडे. फोन आला की लागेल. बाकीचं काही लागणार नाही."

इतकी साधी गोष्ट. माझ्याकडे जुन्या बटनांच्या मोबाईलची एक अख्खी पेटी होती, सुटे भाग काढायला ठेवलेली. बोर्डातला मोहरीएवढा भाग ओळखणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. त्या दुपारी मी पेटी पालथी केली आणि सहा मोबाईल जिवंत केले. पहिला जयश्रीला दिला. तिने तिथल्या तिथे वडिलांचा नंबर दाबून बघितला. पाड्यावर रेंज नव्हतीच, पण पलीकडची बाई 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणाली तेव्हा आम्हा दोघींना बरं वाटलं. म्हणजे आपल्याकडून तरी लागतोय.

खण पुन्हा सुरू झाला. सगळ्यांना जमलं असं मी म्हणणार नाही. क्लासच्या ग्रुपवर आलेली सूचना न कळून जयश्रीचा एक तास बुडाला, तेव्हा तिने दोन दिवस मला तोंड दाखवलं नाही. एका मुलीने इथे मोबाईल ठेवून वसतिगृहात दुसरा वापरला आणि मला वर्षभर पत्ता लागू दिला नाही. पण जयश्री टिकली. मागचे दोन्ही विषय सुटले. तिसऱ्या वर्षाला असताना मी तिला एकदा विचारलं, "आता बरं वाटतं का गं?"

तिने खरंच विचार केला. "कंटाळा येतो, मावशी. आधी येतच नव्हता. पण कंटाळा आला की मी झोपते, नाहीतर कोणाच्या तरी खोलीत जाऊन बसते. वाईट वाटत नाही."

मध्यंतरी एक प्राध्यापक छापील प्रश्नावली घेऊन आले होते. मोबाईल वापरणारे विद्यार्थी किती आनंदी असतात ते त्यांना एक ते पाच आकड्यांत हवं होतं. भला माणूस होता. मी म्हटलं, सर, बाहेरच्या बाकड्यावर तासभर बसा. ते बसले. त्यांचा स्वतःचा हात सहा वेळा खिशाकडे गेला. मी मोजलं.

जयश्री आता सुरगाण्याकडेच एका शाळेत विज्ञान शिकवते. मोठा मोबाईल तिच्याकडे असतो. ती सांगते, तो कधी ताब्यात असतो, कधी नसतो. खोटं बोलत नाही ती, म्हणून मला आवडते.

पाटी मी त्या मंगळवारनंतरच्या सकाळी काढली. नवी लिहिली नाही. गिऱ्हाइकाला आता मी तोंडानेच विचारते: "वाजला तर उचलू का? कोणाचा उचलू?" बहुतेक जण म्हणतात, "आईचा उचला."

मागच्या महिन्यात सटाण्याकडची एक मुलगी चार्जिंगचा भाग बदलायला मोबाईल ठेवून लेक्चरला गेली. तिनेही तेच सांगितलं होतं. तासाभराने मोबाईल वाजला. 'आई'. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"कोन शे?" पलीकडून अहिराणीत घाबरा आवाज आला.

"मी मोबाईलच्या दुकानातून बोलतेय, ताई. तुमची मुलगी कॉलेजात आहे, व्यवस्थित आहे. मोबाईल दुरुस्तीला आलाय. काही तातडीचं असेल तर मी जाऊन सांगते."

पलीकडे एक मोठा श्वास सुटला. मग ती बाई माझ्यासाठी शहरी मराठीत बोलायला लागली. "नाही हो, काही नाही. सहज केला होता. जेवली का ते विचारायचं होतं." आणि मग तिने मला कांद्याची रोपं कशी लागलीत ते सांगितलं. म्हशीचं दुखणं सांगितलं. घरात दुपारी कोणी नसतं, तेही सांगितलं. मी चिमटा खाली ठेवून ऐकत होते. ठेवताना म्हणाली, "बरं वाटलं तुमच्याशी बोलून. पोरगी दोन शब्दांत ठेवून देते."

मुलगी संध्याकाळी आली. मोबाईल हातात घेऊन तिने आधी चार्जिंगची खूण बघितली, मग निरोप उघडले.

"आईचा फोन आला होता," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"जेवलीस का, विचारत होती."

"एवढंच?"

"एवढंच. मी दहा मिनिटं बोलले."

तिने माझ्याकडे बघितलं. निरोप तसेच उघडे टाकून तिने आईचा नंबर लावला आणि काउंटरला टेकून उभी राहिली. माझं गरम हवेचं मशीन फार घोंघावतं. मी ते बंद केलं.